हळदीच्या कॅप्सूलची कावीळ

कॅप्सूल गिळायची नाही, उघडून खायची, असा एक साधा निर्णय मी एका संध्याकाळी घेतला. त्यातून पुढे एवढं रामायण घडेल असं वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. ती गेल्यावर चारआठ दिवस मी मजेत होतो (ओला टॉवेल पलंगावर टाकण्याचं स्वातंत्र्य ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल). मग मात्र घर खायला उठलं. टॉवेल तसाच पलंगावर पडलेला असायचा आणि त्यावरून कुणी बोलत नाही, याचंच वाईट वाटायला लागलं.

रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. पण फोनसमोर कायम आमची नात. तिचा कान, तिची टाळू, तिची जांभई. बायको मागून दुपटी घेऊन इकडून तिकडे जायची, तेव्हा माझ्या वाट्याला तिचं कोपर यायचं. तीस वर्षांच्या संसारानंतर माणूस बायकोच्या कोपराची वाट बघतो, हे मी कुणाला सांगणार?

त्यातच ऑफिसच्या तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस झालेला नाही, पण दारात उभा आहे. रोज चाला, गोड सोडा." दोन्ही गोष्टी माझ्या स्वभावात बसत नव्हत्या. आमच्या विमा कचेरीत एक सहकारी आहेत, त्यांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्यांनी उपाय सांगितला, "कर्क्युमिन घ्या. हळदीचा अर्क. साखर शेपूट घालून पळते." यात चालण्याचा उल्लेख नव्हता, म्हणून मला तो शास्त्रीय वाटला. डॉक्टरांना न विचारता मी डबी आणली.

कॅप्सूल घशात अडकायची. म्हणून त्या संध्याकाळी मी ती पेल्यावर धरून उघडली. डोक्यावर पंखा फुल स्पीडवर होता, ते ध्यानात आलं तोवर अर्क माझ्या चेहऱ्यावर, टकलावर, बनियनवर आणि खिडकीच्या पडद्यावर पोचला होता. मी ओल्या हाताने तोंड पुसलं, तसा तो कानामागेही गेला. अंगातल्या बनियनच्या एका डागाला साबण लावला, तर तेवढं पिवळ्याचं लाल झालं. डोळे चोळून चोळून तेही लाल. आणि तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, तुम्ही पिवळे दिसताय," लेक म्हणाली. नातीचा कान बाजूला झाला आणि फोनच्या पडद्यावर बायकोचा चेहरा आला. पूर्ण. कपाळापासून हनुवटीपर्यंत. थकलेला होता, पण माझ्याकडे बघत होता.

"अहो, डोळे दाखवा."

दाखवले.

"जेवण जातंय का?"

"तुझ्याशिवाय कसलं जाणार," मी म्हणालो. (हे खरं होतं.)

"लघवी कशी होते?"

मागे जावईबापू उभे होते. मी हळूच म्हणालो, "पिवळसर." (हेही खरंच होतं. कुणाची निळी होते?)

"कावीळ आहे ही. उद्या दुपारच्या बसने येते."

मी तोंड उघडलं होतं. अगं, हळद आहे, एवढंच सांगायचं होतं. पण "येते" हा शब्द ऐकला आणि तोंड मिटलं.

सकाळी आरशात पाहिलं, तर रंग बराच उतरलेला. बायको पोचेपर्यंत मी ठणठणीत दिसणार, या काळजीने मी आणखी एक कॅप्सूल उघडली आणि पावडर लावावी तशी गालांना लावली. या वेळी पंखा बंद ठेवला. अनुभवाने माणूस शहाणा होतो.

मी स्टँडवर घ्यायला गेलो होतो. बसमधून उतरल्या उतरल्या तिने मला तिथूनच थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ओला कापूस माझ्या गालावरून फिरवला, कापूस बघितला, मग मला बघितलं.

"कावीळ पुसली जात नाही," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टर शांतपणे बोलले. कर्क्युमिनचा साखरेला थोडा फायदा होतो असं काही अभ्यासांत दिसलंय, पण भरवसा ठेवावा इतकं ते पक्कं नाही. काही औषधांबरोबर ते चालतही नाही, तेव्हा विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. "आणि घेतलंच, तरी ते तुमच्याऐवजी चालायला जाणार नाही."

घरी आल्या आल्या बायकोने पलंगावरचा टॉवेल उचलून वाळत घातला. मी म्हणालो, "चुकलं माझं. पण तू गेल्यापासून करमत नाही गं."

"मला कालच कळलं होतं," ती म्हणाली. "बनियनला कुठे कावीळ होते? दवाखान्यात नेलं ते डॉक्टरांचं ऐकाल म्हणून."

माझं काळीज सुपाएवढं झालं. म्हणजे सगळं कळूनही ती आली होती. "मग आलीस कशाला?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"झोपायला. बाळ रात्रभर जागवतं. लेकीला नुसतं झोपायला जाते म्हणून कसं सांगणार? तुमची कावीळ वेळेवर सापडली. परवा सकाळी परत जाते."

आणि ती आडवी झाली. बघता बघता घोरायला लागली. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. उन्हं कलली होती. इतके दिवस ज्या घोरण्यावर मी कुरकुर केली, ते मी गाणं ऐकावं तसं ऐकत होतो. हळूच मी तिच्या उशीजवळ डोकं टेकवलं.

झोपेतच तिचा हात आला. माझ्या डोक्यावर थांबला आणि अगदी मायेने थोपटू लागला. माझे डोळे भरून आले. तीस वर्षांत असं थोपटलं नव्हतं कुणी.

"झोप गं बाई आता," ती पुटपुटली. "केव्हा यायचे तुला केस?"