जिन्याखालच्या खोलीची कुजबुज

सुज्ञ वाचकहो! प्रस्तुत कथेत मी आमच्या महाविद्यालयातील जिन्याखालची एक खोली, त्या खोलीतील बाई, समस्त प्राध्यापकवर्ग आणि अस्मादिक यांच्या बाबतीत घडलेला प्रसंग यथातथ्य निवेदन करणार आहे. माझे शिक्षण शाळेच्या शेवटच्या वर्गाच्या उंबरठ्यावरच थांबले, हे खरे. परंतु ज्या मनुष्याने सारी हयात विद्वानांच्या दारात उभे राहून काढली, त्याच्या भाषेला थोडा दरवळ येणारच!

माझे कार्य म्हणजे सूचना फिरविणे. प्राचार्यांच्या कचेरीतून निघालेली प्रत्येक वार्ता, मग ती नव्या वेळापत्रकाची असो वा बंद पडलेल्या पंख्याची, लाल फायलीत घालून मी विभागोविभागी नेतो. प्रत्येकाने ती वाचावी आणि खाली सही करावी, असा नियम आहे. या सेवेमुळे प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सर्वजण मला 'दवंडीकाका' म्हणतात. आणि मी अभिमानाने सांगत असे की, मला ठाऊक नाही अशी बातमी या चार भिंतींत अद्याप जन्माला आलेली नाही!

एके दिवशी प्राचार्यांनी मला आत बोलाविले.

"दवंडीकाका, जिन्याखाली आपण विद्यार्थी मदतकक्ष काढला. ठाऊक आहे ना?"

"साहेब, मीच तर सूचना फिरवली!"

"मग मुलं का येत नाहीत? अभ्यास झेपत नाही, घरी बोलता येत नाही, अशी किती मुलं आहेत! प्राध्यापकांनी त्यांना तिकडे पाठवायचं होतं. आजवर आली किती? एक! हा महिना संपेपर्यंत असंच राहिलं, तर खोली खेळवाल्यांना द्यावी लागेल. जाळी आणि चेंडू ठेवायला. आणि तिथे नेमलेल्या समुपदेशक बाईंनाही निरोप द्यावा लागेल."

"साहेब, चिंता नसावी! आठवडा उलटायच्या आत इथल्या भिंतींनासुद्धा कळेल!"

अशी प्रतिज्ञा करून मी तडक जिन्याखाली गेलो. खोली लहानशी, परंतु नीटनेटकी. दोन खुर्च्या, एक टेबल, एक कुंडी. त्या कुंडीतील रोपाशी बाई काहीतरी बोलत होत्या. मला पाहून त्या एकदम उठल्या.

"या, बसा! काय त्रास होतोय?"

"मला नाही, बाई. मी दवंडीकाका."

"अच्छा," असे म्हणून त्या खाली बसल्या. चेहरा असा उतरला, जसा पंक्तीत पान मांडल्यावर वाढपी पुढे निघून जावा!

"बाई, जो एक विद्यार्थी आला, तो कोण हो?" मी सहज विचारले.

"ते सांगत नसतात, काका."

"मुलगा की मुलगी, एवढं तरी!"

"काका!"

वाचकहो, माझ्या पोटात कुतूहलाचे मांजर फिरू लागले. मला ठाऊक नसलेली बातमी, आणि तीही माझ्याच जिन्याखाली! कोपऱ्यात पाण्याची एक बाटली विसरलेली दिसली. तिचे झाकण तुटलेले असून ते पिवळ्या दोऱ्याने बांधले होते. ही बाटली मी कोठेतरी पाहिली आहे, असे मला क्षणभर वाटले. परंतु जगातील सर्व बाटल्या एकाच घराण्यातील असतात, असा विचार करून मी बाहेर पडलो.

आता प्रश्न असा की, सूचना फिरूनही कोणालाच का कळली नाही? याचा उलगडा दुसऱ्याच दिवशी, निव्वळ माझ्या धांदलीमुळे झाला. घरून निघताना सौभाग्यवतींनी दिलेली वाणसामानाची चिठ्ठी मी चुकून लाल फायलीत ठेवली आणि त्या दिवशीची सूचना राहिली खिशात. मी फाईल संपूर्ण इमारतभर फिरविली. परत येऊन पाहतो तो काय! 'साखर, कपड्यांचा साबण, झाडू एक' याखाली सर्व प्राध्यापकांच्या सह्या! गणिताच्या मॅडमनी लिहिले होते, 'नोंद घेतली.' रसायनशास्त्राच्या सरांनी तर शेरा मारला होता, 'विद्यार्थ्यांना अवगत केले आहे.'

म्हणजे इतकी वर्षे मी वार्ता नव्हे, नुसती फाईल फिरवीत होतो! न वाचता नोंद घेणारी माणसे! मला भयंकर संताप आला. रात्री जेवतानाही तो उतरेना.

"एवढी शिकलेली माणसं, पण समोरचा काय सांगतोय तिकडे लक्ष नाही!" मी पत्नीस म्हणालो.

"बाबा," आमची कन्या म्हणाली. ती आमच्याच महाविद्यालयात शिकते. "मला तुम्हाला एक सांगायचंय. ते रसायनशास्त्र..."

"अगं, रसायनशास्त्राचे सर तर सगळ्यांत पुढे! झाडूची नोंद घेतली त्यांनी, झाडूची!"

"बाबा, पण मी..."

"हं, हं, कळलं. भाजी वाढ."

पत्नीने कन्येकडे पाहिले, कन्येने पत्नीकडे पाहिले. मग दोघी भांडी उचलून स्वयंपाकघरात गेल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या. आणि काय सांगू! इतका वेळ ताटातून वर न उठलेली माझी मान आपोआप तिकडे वळली, कान टवकारले गेले. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! मोठ्याने सांगितलेले कोणी ऐकत नाही. हळूच बोललेले मात्र भिंतीआडूनही ऐकू येते! युक्तीच्या आनंदात, त्या दोघी काय बोलत होत्या हे ऐकायचेच राहून गेले.

सकाळी मी थेट ग्रंथालयात गेलो. आमचे ग्रंथपाल स्वभावाने इतके शांत की, त्यांच्या वहाणासुद्धा वाजत नाहीत. परंतु त्यांच्या कानात पडलेली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत गच्चीवर पोहोचते.

मी इकडेतिकडे पाहिले आणि कुजबुजलो, "सर, कुणाला बोलू नका हं. जिन्याखाली ज्या बाई बसतात ना..."

ग्रंथपालांनी चष्मा काढला. "त्यांचं काय?"

"मुलं तिथे जाऊन मन मोकळं करतात. मनातलं सगळं सांगतात. बाई ऐकून घेतात. एक शब्द बाहेर जात नाही."

"सगळं सांगतात?" ग्रंथपाल खुर्चीतून उठले. "म्हणजे... आमच्याविषयीही?"

आता वाचकहो, येथे मी 'तसे नाही' असे म्हणावयास हवे होते. परंतु गुपित सांगणाऱ्याने जास्त बोलू नये, असा माझा समज! मी नुसता सुस्कारा सोडला आणि निघालो.

त्या सुस्काऱ्याने घात केला! पहिला तास संपेपर्यंत 'मुले बाईंना सारे सांगतात' अशी बातमी होती. दुसऱ्या तासाला 'बाईंजवळ प्रत्येक प्राध्यापकाची कुंडली आहे' अशी झाली. आणि चहाच्या वेळी हेडक्लार्क मलाच भिंतीशी ओढून म्हणाले, "दवंडीकाका, कुणाला बोलू नका हं! त्या बाई साध्यासुध्या नाहीत. वरून पाठवलेल्या आहेत. कोण कसं शिकवतं ते गुपचूप बघायला!"

"छे हो!" मी म्हणालो.

"छे काय छे? तुम्हाला काही कळतच नाही! नुसती फाईल घेऊन फिरता!"

थोड्याच वेळात जिन्याखाली वर्दळ सुरू झाली. प्रथम गणिताच्या मॅडम आल्या. "माझी छत्री इथे राहिली का हो?" असे विचारून त्या आत गेल्या. छत्री त्यांच्या काखेत होती! पाठोपाठ रसायनशास्त्राचे सर हातात मोजपट्टी घेऊन आले. "खिडकीचं माप घ्यायचंय," ते म्हणाले. त्या खोलीला खिडकीच नाही!

मॅडम बाहेर येताच सर आत शिरले. दार लोटले गेले. मी जिन्याचा कठडा पुसू लागलो. कठडा केव्हाच लखलखला, तरी मी पुसतच राहिलो. कान दाराकडे!

"बसा," बाईंचा आवाज आला. "काय त्रास होतोय?"

"त्रास? मला? छे छे! मी खिडकी..." मग खुर्ची ओढल्याचा आवाज. मग सरांचा अगदी बारीक आवाज, "बाई, मी शिकवत असताना शेवटच्या बाकावरची मुलं झोपतात. पूर्वी निदान वाईट वाटायचं. आता मलाही झोप येते."

पुढचे ऐकू आले नाही. अर्ध्या तासाने सर बाहेर आले, ते रुमालाने डोळे टिपत! एवढे पुरे झाले. "राजीनामा घेतला!" असे कोणीतरी पुटपुटले आणि हां हां म्हणता ते वाक्य तिसऱ्या मजल्यावर पोहोचले. मग काय विचारता! भाषेचे सर, भूगोलाच्या मॅडम, प्रयोगशाळेतील मदतनीस, स्वतः ग्रंथपाल, सर्वांची जिन्यापासून फाटकापर्यंत रांग लागली. प्रत्येकाला एकच जिज्ञासा, 'आपल्याविषयी मुले काय बोलली?' आणि प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता, "मी सहज आलो हो!"

इकडे वर्ग ओस! वाट पाहून कंटाळलेली मुले आपापले प्राध्यापक शोधीत खाली आली, तो सारे जिन्याखाली उभे!

"सर, आत काय आहे?" एका मुलाने विचारले.

"काही नाही! वर्गात जा!" ग्रंथपाल ओरडले. ते मोठ्याने बोलल्याचे मी प्रथमच ऐकले. अर्थात, 'काही नाही' म्हटल्यावर एकही मूल जागचे हलले नाही.

इतक्यात प्राचार्य आले. मी पुसायचे फडके पाठीमागे लपविले.

"हा काय बाजार मांडलाय? एकही वर्ग भरलेला नाही! कोणी केलं हे?"

सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले! गुपित कोणाला बोलू नका, असे प्रत्येकाला बजावले होते. परंतु ते कोणी सांगितले, हे मात्र प्रत्येकाच्या नेमके ध्यानात होते!

"दवंडीकाका, तुम्ही?"

"साहेब, आपणच म्हणालात, सगळ्यांना कळलं पाहिजे..."

"प्राध्यापकांना कळून त्यांनी मुलांना पाठवायचं होतं! तुम्ही तर प्राध्यापकच पाठवलेत! थांबा, आधी बाईंनाच जाब विचारतो. ही खोली आजच्या आज बंद!"

असे गरजून ते आत गेले आणि दार आपटले. बाईंची नोकरी मी माझ्या हाताने बुडविली! त्या बिचाऱ्या कुंडीतल्या रोपाशी बोलत शांतपणे बसल्या होत्या, तेच बरे होते की!

आतून प्रथम प्राचार्यांचा आवाज मोठा आला. मग मध्यम. मग बारीक. मग येईनासाच झाला. आम्ही सारे दाराकडे सरकलो. अखेर एका मुलीने रसायनशास्त्राच्या सरांना विचारले, "सर, तुम्ही आत जाऊन आलात ना? खरं सांगा, तिथे काय करतात?"

सरांनी मोजपट्टी खिशात घातली. मग खाली पाहत म्हणाले, "एक बाई आहेत. त्या ऐकतात."

"काय ऐकतात?"

"आपण बोलू ते. मध्ये बोलत नाहीत, घड्याळ बघत नाहीत. तुम्हीही जा, बाळांनो. मी तर हे आधीच सांगायला हवं होतं तुम्हाला."

एक मुलगा हळूच पुढे सरकला आणि भाषेच्या सरांच्या मागे उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा. मग ती मुलगी. पाहता पाहता प्राध्यापकांहून मुलांची रांग मोठी झाली!

दार उघडले. प्राचार्य बाहेर आले. चेहरा असा की, जणू पायातले घट्ट बूट कोणी सैल करून दिले! त्यांनी रांगेकडे पाहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "खोली राहील. खेळवाल्यांनी जाळी गच्चीवर ठेवावी. आणि बाई, मंगळवारची संध्याकाळ माझ्यासाठी राखून ठेवा." मग माझ्याकडे वळून, "दवंडीकाका, पुढची सूचना कसली आहे?"

"साहेब, टाकी धुवायची आहे. उद्या पाणी बंद."

"ती मोठ्याने सांगा बरं का! नाहीतर टाकीपाशी रांग लागायची!"

असा मी विजयी होऊन घरी परतलो. एकच रुखरुख राहिली होती. तो पहिला एकुलता विद्यार्थी कोण? निघताना मी बाईंना पुन्हा विचारले, तर त्या नुसत्या हसल्या, "कळेल काका. ऐकलंत तर."

मी घरात पाऊल टाकले आणि स्वयंपाकघरातून कन्येची कुजबुज ऐकू आली. "आई, बाबांना अजिबात सांगू नकोस हं!"

वाचकहो, मी वहाणा हातात घेतल्या आणि दाराला कान लावला!

"मी रसायनशास्त्र सोडून भूगोल घेतलाय. मला ते झेपतच नव्हतं. सुरुवातीला बाबांना सांगायची भीती वाटायची, म्हणून आधी जिन्याखालच्या बाईंकडे जाऊन आले. पण बाबांना कळता कामा नये!"

मी दार ढकलले. दोघी माझ्याकडेच तोंड करून उभ्या होत्या, तोंडावर पदर-ओढणी धरून, हसू आवरीत! ओट्यावर ती बाटली होती. तुटलेले झाकण, पिवळा दोरा. तो दोरा सहा महिन्यांपूर्वी मीच बांधला होता!

"अगं, मग मला सरळ का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"चार वेळा सांगितलं, बाबा! जेवताना, चहा घेताना, तुम्ही वहाणा घालत होता तेव्हा... म्हटलं, आता तुमचीच युक्ती करून बघू."

"आणि त्या चारही वेळा मी काय म्हणालो?"

कन्येने आईकडे पाहिले. सौभाग्यवतींनी माझ्यासारखीच मान ताठ केली आणि माझ्याच आवाजात म्हणाल्या, "'हं. नोंद घेतली.'"

मग मी पाटावर बसलो, घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि म्हणालो, "बस बाळ. भूगोलात काय काय असतं, ते सांग."

फार असते हो! जेवण निवले.

येथवर ज्यांनी मनापासून वाचले, त्यांचे मी ऋण मानतो आणि आभार व्यक्त करतो. ज्यांनी न वाचताच 'छान आहे' म्हटले असेल, त्यांचेही आभार, आपण सहकारीच! मात्र माझ्या घरातील ही गोष्ट कृपया कोणाला बोलू नका. म्हणजे सर्वांना नीट कळेल.

आपला नम्र,
दवंडीकाका