कोकिळाताईच्या पोटातली एकदाणी

दिगंबरभाऊंच्या मते बऱ्हाणपुरात डोकं चालणारा माणूस एकच होता, आणि तो राजपुऱ्यात त्यांच्याच घरी राहत होता. चपलेवरून माणसाची सासुरवाडी सांगतो, असं ते म्हणत. सासुरवाडी बहुधा चुकायची. पण मग त्या माणसानेच चुकीच्या घरी लग्न केलं, असा त्यांचा निष्कर्ष निघे. निवृत्तीनंतर ते गुप्तहेर झाले होते, आणि ही गोष्ट साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होती.

त्यांची थोरली बहीण कोकिळाताई जवळच फोपनार गावी असे. वजनापायी गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिने इंदूरला जाऊन पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. आता तुमचं पोट केळ्याएवढं उरलं, असं तिकडच्या सर्जननी सांगितलं. केळीच्या गावात याहून जास्त समजावण्याची गरज नव्हती. वजन छान उतरत होतं, आणि एका सकाळी तिच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरेना. घेतलेला घोट तसाच परत येई. शिवण उसवून पोट गळत असेल तर जिवावरचं आहे, लगेच बऱ्हाणपूरला नेऊन तपासा, असं गावच्या डॉक्टरांनी बजावलं.

सून निशा तिला घेऊन दवाखान्यात पोचली, तेव्हा दिगंबरभाऊ भिंग घेऊन दारात हजर होते. त्यांनी आधी निशाचीच उलटतपासणी घेतली. सकाळचा चहा तिने केला होता, आणि तो सगळ्यांनी प्याला होता. म्हणजे विष सगळ्यांना दिलं आणि चढलं एकीलाच, हा मुद्दा त्यांनी नोंदवला. निशा सासूची पाठ चोळत राहिली. मग संशय सर्जनवर गेला. घाईत कात्री आत राहिली असणार.

दवाखान्यातल्या डॉक्टर वैशालीने ताईला एक पांढरं औषध घोट घोट पाजलं आणि ते पोटात कुठून कुठे जातं ते मशीनवर पाहिलं. एक्स-रेत हे औषध उठून दिसतं. पोट फाटलं असेल तर तिथून ते बाहेर पडताना कळतं. मग तिने घरच्यांना आत बोलावलं.

पडद्यावर पोटाच्या कडेने चमकदार ठिपक्यांची एक रांग होती. दिगंबरभाऊंनी भिंग लावलं. ताईच्या गळ्यातली सोन्याच्या मण्यांची एकदाणी बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती, हे त्यांच्या चाणाक्ष नजरेने केव्हाच टिपलं होतं.

"ताई," ते गंभीरपणे म्हणाले, "एकदाणी तू गिळलीस. आता सुनेच्या धाकाने की चोराच्या, तेवढं सांग."

"मामा, ती सोनाराकडे आहे," निशा म्हणाली. "आईंची मान बारीक झाली, म्हणून आखूड करायला टाकली."

"मामाजी, त्या ऑपरेशनच्या पिना आहेत," डॉक्टर म्हणाली. "सगळ्या जागेवर आहेत. दवा कहीं से लीक नहीं हो रही, हे फार चांगलं झालं. पण इथं बघा, या अरुंद जागी काहीतरी अडकलंय."

तिथे खरंच एक काळपट गोळा होता. दिगंबरभाऊंनी भिंग खाली घेतलं. कात्री, विष, सोनं, सगळं डोक्यातून गेलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी साधा प्रश्न विचारला.

"वाचेल ना ती?"

डॉक्टरने धीर दिला. दुर्बीण घालून गोळा काढता येईल, म्हणाली. निशाने मात्र सासूसमोर बसून विचारलं, "आई, काल काय खाल्लं?"

ताई छताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लोणच्याची फोड."

"न चावता?"

"चावणारच होते. महिनोन्‌महिने डाळीचं पाणी पिऊन राहिले मी. फोड तोंडात टाकली आणि हा दिग्या अंगणातून ओरडला, ताई, पथ्य तपासायला आलोय. काय करणार, गिळली."

आरोपी भिंग खिशात ठेवत होता.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून फोड बाहेर काढली. कैरीची साल, कोय आणि धाग्यांचा गुंता. एका ताटलीत मावला.

संध्याकाळी ताईला चमच्याने पाणी द्यायची परवानगी मिळाली. दिगंबरभाऊ दाराशी घुटमळत होते. मी जाऊ का, असं त्यांनी विचारलं.

"बस," ताई म्हणाली. "पण माझ्याकडं बघू नको."

ते स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसले. मागे चमचा वाटीवर वाजला. त्यांनी श्वास रोखला. घोट खाली उतरल्याचा आवाज आला, मग दुसरा, आणि भिंतीकडे बघतच दिगंबरभाऊंनी उपरण्याने डोळे पुसले.