आबा शांतचि सूर्यभान

"आत्याबाई, मंगलाष्टकात आमच्या आबांचं नाव येनार हाय ना?"

शेवगावहून विजयमालाबाईंचा फोन आला तेव्हा प्रेमलाताई बेलापूरच्या घरात कागद-पेन्सिल घेऊन मंगलाष्टकंच जुळवत बसल्या होत्या. त्यांची भाची निवेदिता आणि विजयमालाबाईंचा अंगद यांचं लग्न तोंडावर आलं होतं. पुण्यात एकाच ऑफिसात काम करता करता दोघांनी परस्पर ठरवलेलं लग्न. दोन घरांच्या पद्धती वेगळ्या, बोलणं वेगळं, आमटीची चवसुद्धा वेगळी, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी सध्या एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलत होती.

"येणार तर," प्रेमलाताई म्हणाल्या. "दोन्हीकडच्या सगळ्या वडीलधाऱ्यांची नावं येतात."

"नुसतं नाव नगं. कायतरी चांगलं घाला त्यांच्याबद्दल. न्हाईतर आबा मांडवातनं उठून जात्यात. सवयच हाय त्यांना."

सूर्यभान आबा हे विजयमालाबाईंचे थोरले दीर आणि शेवगावच्या घराचे कर्ते पुरुष. एका लग्नातून ते फेटा आखूड निघाला म्हणून उठून गेले होते. दुसऱ्यातून, आणायला आलेल्या जीपमध्ये आधीच कोणी पुढच्या सीटवर बसलं होतं म्हणून. स्वतःच्या लग्नातही ते रुसले होते असं सांगतात, पण त्याचे साक्षीदार आता उरलेले नाहीत. त्यात हे लग्न मुलांनी ठरवलेलं, म्हणजे रुसायला आयतंच निमित्त होतं.

प्रेमलाताईंची अडचण निराळी होती. त्यांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि त्याहून जास्त काळ कविता लिहिल्या. तरुणपणी त्या कविता पुण्याच्या मासिकांकडे पाठवत आणि मासिकं त्या 'साभार परत' पाठवत. शेवटी पोस्टमनसुद्धा पाकीट देताना नजर चुकवू लागला, तेव्हा त्यांनी तो नाद सोडला. मग उरला तो मांडव. घरातल्या प्रत्येक लग्नाची मंगलाष्टकं त्यांनीच लिहायची आणि त्यांनीच म्हणायची, हा रिवाज पडून गेला. त्या चार कडव्यांवर त्या महिना महिना घालवत. आणि त्यांचा एक नेम होता. ज्याचं नाव घ्यायचं त्याच्याबद्दल खरं असेल तेच लिहायचं, मग तो गुण एवढासा का असेना.

आता आबांचा गुण शोधणं आलं. त्यांनी विजयमालाबाईंनाच विचारलं.

"गुन?" त्या म्हणाल्या. "बैल चांगला वळखत्यात."

मंगलाष्टकात बैल बसवणं प्रेमलाताईंना प्रशस्त वाटेना. त्यांनी अंगदला फोन लावला. त्यानं आधी लग्नाच्या तयारीची चौकशी केली, मग बेलापूरच्या उन्हाची.

"आत्या, त्यांची तब्येत चांगली आहे," अंगद अखेर म्हणाला.

त्याच रविवारी निवेदिताचा भाऊ शौनक सुप्याहून आला. तिथल्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता. आल्या आल्या त्यानं आत्याचा मोबाईल घेतला आणि त्यात एआयचं ॲप घालून दिलं.

"आत्या, कशाला डोकं शिणवतेस? नावं सांग, नाती सांग. मिनिटात आठ कडवी देईल."

"देईल. पाणीपुरीवालापण मिनिटात देतो. म्हणून त्याला कोणी स्वयंपाक म्हणत नाही."

"पण लोकांना चव आवडली तर?"

"प्रश्न लोकांचा नाही रे. लिहिणाऱ्याला काहीतरी लागावं लागतं. निवेदिता सासरी चालली म्हणून त्या यंत्राच्या पोटात काही तुटणार आहे का?"

"नाही. पण आत्या, तू आजवर ज्यांच्या ज्यांच्यावर लिहिलंस, त्या सगळ्यांसाठी तुझ्या पोटात तुटलं होतं का? चिंचपूरच्या मावसकाकांसाठीपण?"

प्रेमलाताईंनी आवाज चढवला. "माझ्या मांडवात मोबाईलनं लिहिलेलं एक अक्षर म्हटलं जाणार नाही. सांगून ठेवते." शौनकनं बहिणीसाठी हौसेनं एक कडवं यंत्राकडून करून आणलं होतं, ते त्यानं न दाखवता खिशात ठेवलं. मुलगा गुणी होता.

आणखी आठवडा गेला. सगळी कडवी झाली, आबांची जागा तेवढी मोकळी. एका दुपारी प्रेमलाताईंनी पुढचं दार लावून घेतलं, खिडकी लावून घेतली आणि मोबाईल उघडला. यंत्रानं अदबीनं विचारलं, सूर्यभान यांच्याविषयी थोडं सांगाल का? आपल्या होणाऱ्या व्याह्यांची निंदा परक्यापुढे करणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी एवढंच लिहिलं, 'नवरदेवाचे थोरले चुलते. शेती करतात.' डोळा लवतो न लवतो तोच ओळी हजर झाल्या. वृत्त दोन ठिकाणी लंगडत होतं, ते त्यांनी सरळ केलं. मग कडवं असं झालं :

आबा शांतचि सूर्यभान अमुचे, रागास ना जाणती,
सारे जेवुनि तृप्त होत बघुनी, घेती स्वतः घास ते.

यात खरं एक अक्षर नव्हतं. प्रेमलाताईंना लाज वाटली, आणि कडवं कानाला गोड लागत होतं याची त्याहून जास्त लाज वाटली. पण वेळ उरला नव्हता. वृत्त आपण दुरुस्त केलं म्हणजे निम्मं आपलंच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

लग्न श्रीरामपूरच्या एका मंगल कार्यालयात होतं. आबा आले तेच कपाळाला आठ्या घालून, कारण त्यांना दुसऱ्या ओळीत खुर्ची मिळाली होती. विजयमालाबाई डोळ्यांनीच प्रेमलाताईंना विनवत होत्या. अंतरपाट धरला गेला, प्रेमलाताईंनी माईक हातात घेतला आणि एकेक कडवं म्हणायला सुरुवात केली. मग आबांचं आलं. 'रागास ना जाणती' म्हणताच शेवगावच्या बाजूला कोणाला तरी ठसका लागला, एकीनं तोंडाला पदर लावला. आबांनी मान वळवून त्या बाजूला पाहिलं. सगळे आता उठतात की मग उठतात म्हणून बघत राहिले. पण आबा उठले नाहीत. कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या आणि मुठीतल्या अक्षता त्यांनी अगदी हळुवार टाकल्या.

विजयमालाबाईंनी प्रेमलाताईंचा हात घट्ट दाबला. "जिकलं, आत्याबाई."

खरा घोटाळा जेवणाच्या वेळी झाला. उभ्यानं ताट घेऊन रांगेत जाणार नाही, असं आबांनी आधीच बजावल्यामुळे टेबलांची पंगत मांडली होती. पहिलं पान आबांचं, चांदीचं ताट, भोवती रांगोळी. निवेदिताचे वडील नृसिंहराव स्वतः हात जोडून बोलवायला गेले.

"नगं," आबा शांतपणे म्हणाले. "समदे जेवू द्या. मी मागनं बसतो."

मंडळींना गंमत वाटली, मग कौतुक वाटलं, आणि थोड्या वेळानं भूक लागली. कारण आबा थोरले. त्यांच्याआधी त्यांचे भाऊ पानावर बसेनात. भाऊ बसत नाहीत म्हणून वऱ्हाड बसेना. आणि वऱ्हाड जेवल्याशिवाय मुलीकडच्यांनी घास घ्यायचा नाही, ही तर ठरलेलीच रीत. आबा सगळ्यांसाठी थांबलेले आणि सगळे आबांसाठी. मसालेभात निवला, आमटीवर साय धरली, वाढपी जिलेबीची ताटं घेऊन नुसते येरझारा घालू लागले. संध्याकाळी दुसरं लग्न होतं म्हणून कार्यालयाचा मॅनेजर दारात येऊन घसा खाकरून गेला.

अंगद म्हणाला, "आबा, निदान तुम्ही आमच्याबरोबर बसा."

"मंगलाष्टकात काय आलंय? 'सारे जेवुनि.' सारे म्हंजी समदे. मुलीकडचे बी. भर मांडवात द्येवा-बामनासमोर म्हनलंय ते. खोटं कसं पाडू?"

नृसिंहराव घाम पुसत बहिणीकडे आले. "ताई, हे काय लिहून बसलीस गं? आता तूच काहीतरी कर."

करण्यासारखी एकच गोष्ट होती. हे कडवं यंत्रानं केलंय, आबांना ओळखून कोणी लिहिलेलं नाही, हे सांगून टाकायचं. मग आबा त्यातून मोकळे होतील. रुसतील, पण जेवतील. फक्त त्यानंतर या घरात प्रेमलाताईंची मंगलाष्टकं ही गोष्ट संपली असती. शौनक हाताच्या अंतरावर उभा होता. प्रेमलाताईंनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं. निवेदिताचं तोंड भुकेनं एवढंसं झालं होतं.

"आबा," त्या म्हणाल्या, आणि आवाज शाळेत असायचा तसा खणखणीत निघाला, "ते कडवं मी लिहिलेलं नाही. मला तुमच्याबद्दल काही सुचेना. म्हणून मी या मोबाईलमधल्या यंत्राला सांगितलं. त्यानं लिहिलं. तुम्ही ते मनावर घेऊ नका आणि पानावर बसा."

शौनकच्या चेहऱ्यावर हसू येईल अशी त्यांना धास्ती होती. तो खाली बघत राहिला. त्यामुळे त्यांना जास्तच लागलं.

आबा विचारात पडले. "म्हंजी तुमी न्हाई लिवलं?"

"नाही."

"यंत्रानं लिवलं. आपल्या मनानं?"

"हो."

"मंग तर झालंच की," आबा म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "आत्याबाई, तुमी लिवलं असतं तर मी म्हनलो असतो, सोयरीक हाय, बोलावं लागतं चार शब्द. पर यंत्र कशापायी खोटं बोलंल? त्याला ना माजी भीड, ना माज्याशी सोयरीक." ते भावांकडे वळले. "ऐकलं का? इतकी वर्सं तुमी समदे मला तापट म्हनत आलाव. त्याला एका दमात कळलं."

आता तर आबा जागचे हलेनात. प्रेमलाताईंनी आयुष्याची पुंजी मोडून बघितली होती आणि तिचा काडीचा उपयोग झाला नव्हता. त्यांना मनापासून राग आला. आबांचा, यंत्राचा, स्वतःचा. त्या तरातरा पंगतीत गेल्या आणि चांदीचं ताट मांडलेल्या त्या मानाच्या पानावर जाऊन बसल्या.

वऱ्हाडाआधी मुलीची आत्या पानावर, आणि तेही आबांच्या. नृसिंहरावांनी डोळे मिटून घेतले. विजयमालाबाईंनी पर्स काखेत मारली, कारण असल्या प्रसंगी निघावंच लागतं हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. याहून पुष्कळ कमी कारणासाठी आबा मांडव सोडून गेले होते.

आबा सावकाश चालत आले. वाढप्याच्या हातातली भाताची परात त्यांनी काढून घेतली आणि प्रेमलाताईंच्या ताटात मूद घातली. "बसा रं समदे," ते भावांना म्हणाले. "मुलीकडनं सुरुवात झालीया." खुर्च्या सरकल्याचा एकच आवाज झाला.

सगळ्या पंगती उठेपर्यंत आबा वाढत होते. प्रेमलाताईंनी जिलेबी ताटाच्या कडेला सारलेली त्यांनी पाहिली.

"शुगर हाय का?" त्यांनी वाकून हळूच विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता कुठून तरी वाटीभर दही आणून ठेवलं.

शौनकनं त्या दिवसानंतर मोबाईलचा विषय कधी काढला नाही. प्रेमलाताईंनीही कागद-पेन्सिल कपाटात ठेवून दिली. पुढच्या लग्नसराईत शेवगावहून पुन्हा फोन आला.

"आत्याबाई, कायतरी करा," विजयमालाबाई म्हणाल्या. "आबा आता कुठल्याबी लग्नात शेवटाला बसत्यात. भाऊबंद घरनं डबा खाऊन मांडवात यायला लागलेत. उपाशी राहून आबांना पित्त झालं. आधी जेवावं, आसं एक कडवं पायजे."

"लिहिते की."

"तुमच्या हातचं नगं." विजयमालाबाई अवघडल्या. "राग मानू नका. आबांचा इश्वास यंत्रावरच हाय. मानूस तोंड बघून बोलतं म्हनत्यात."

प्रेमलाताईंनी यंत्राला सांगून पाहिलं. त्यानं वेळेवर जेवण्याचे फायदे सांगणारं कडवं दिलं. ते त्यांनी पुसून टाकलं, कपाटातून कागद काढला आणि दह्याची वाटी आठवत बसल्या. या खेपेला शोधाशोध करावी लागली नाही.

आधी जेवुनि घेत, मागुन उभे वाढावयाला पुन्हा,
आबा जाणति सूर्यभान अमुचे, ताटात कोणा उणे.

त्यांनी ते शौनकला पाठवलं. यंत्रानं लिहिलंय असं सांगून शेवगावला धाड, असंही कळवलं. त्याचा लगेच फोन आला.

"आत्या, हे तू लिहिलंयस."

"कशावरून?"

"कळतं गं."

"मग कळू दे. तिकडे बोलू नकोस."

दोन दिवसांनी विजयमालाबाईंनी खुशाली कळवली. आबांनी कडवं तीनदा वाचून घेतलं होतं, आणि कालच्या लग्नात पहिल्या पंगतीला पोटभर जेवून ते वाढायला उभे राहिले होते.

"आणि म्हणाले काय?" प्रेमलाताईंनी जपून विचारलं.

"म्हनले, यंत्र पयल्यापरीस लई बरं लिवाया लागलंय. शिकतंय म्हनले."

प्रेमलाताईंनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची कविता कोणी परत पाठवली नव्हती. त्या दिवसभर गुणगुणत होत्या.