उसनं बारसं

कोटूच्या किनाऱ्यावर मला "नको" म्हणून सुखाने पुढे गेलेला पाहुणा अजून जन्माला यायचाय! हे मी नाही म्हणत, सगळा किनारा म्हणायचा. म्हणजे म्हणायचो मीच, पण इतक्या मोठ्याने की सगळ्या किनाऱ्याला ऐकू जायचं.

धंदा तसा साधा. थंडीला कंटाळलेले तूबाब, म्हणजे गोरे पाहुणे, विमानातून उतरतात, वाळूत पाय ठेवतात आणि आम्ही पोरं त्यांच्याबरोबर चालायला लागतो. कुणी त्यांना पक्षी दाखवतो, कुणी मगरींचं तळं दाखवतो, तर कुणी काहीच न दाखवता नुसता बरोबर चालतो आणि शेवटी चालल्याचं बक्षीस मागतो. नवखी पोरं सुरुवातीलाच "कुठल्या देशाचे तुम्ही?" असं विचारतात आणि तिथेच फसतात. पाहुणा चष्मा नाकावर चढवतो आणि चालायचा वेग वाढवतो.

मी असलं काही विचारत नसे. मी दोन्ही हात पसरून म्हणायचो, "बातमी कळली का? मला मुलगी झाली!"

आता मुलगी झालेल्या माणसाला "चल फूट" कोण म्हणेल? पाहुणी थांबायची. मग मी दुसरं वाक्य टाकायचो. "आणि गुरुवारी बारसं आहे, नाव आम्ही तुमचंच ठेवतोय!" नाव हॉटेलच्या पहारेकऱ्याकडून आधीच काढून ठेवलेलं असायचं. पाहुणीचे डोळे पाणवायचे आणि माझ्याकडे तांदळाची गोणी यायची. कधी बूट, कधी घड्याळ. बारशाला मात्र कुणी यायचं नाही. पोहण्याचा तलाव सोडून आमच्या गल्ल्यांमधल्या धुळीत कोण येतंय?

अशा माझ्या एकूण चौदा मुली होत्या. लग्न मात्र अजून व्हायचं होतं.

ते ज्या मुलीशी व्हायचं होतं तिचं नाव रोहे न्जाय. शाळेत शिक्षिका, चालणं ताठ, बोलणं मोजकं. तिचे वडील बाबुकर न्जाय बकाऊच्या बाजारात शिवणकाम करायचे. दोन वर्षं मी त्यांच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या. मी आडनावाने जोब, आणि आमच्या देशात न्जाय आणि जोब ही थट्टेची आडनावं. न्जाय दिसला की जोबाने त्याला खादाड म्हणायचं, न्जायने जोबाला आपला नोकर म्हणायचं, आणि रागवायचं कुणीच नाही. म्हातारा मला बघितला की ओरडायचा, "आला का आमचा नोकर! भांडी घासून ठेवलीस का रे?" मी मनातून खूष व्हायचो. शिव्या चालू आहेत तोवर दार उघडं आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

अखेर म्हातारा वळला. शुक्रवारच्या नमाजानंतर माझे काका सुपारीसारखी कोलाची फळं घेऊन त्यांच्या घरी जाणार आणि त्यांनी ती घेतली की लग्न पक्कं. आणि त्याच आठवड्याच्या सोमवारी मला गुनिल्ला भेटली.

गुनिल्ला स्वीडनची. वय सत्तरीच्या आसपास, टपाल खात्यातून निवृत्त, डोक्यावर घमेल्याएवढी टोपी. मी हात पसरले. "मम्मा! बातमी कळली का? मला मुलगी झाली! गुरुवारी बारसं आहे, नाव गुनिल्ला ठेवतोय!"

ती थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. मग पिशवीतून वही काढली.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"काय किती वाजता?"

"बारसं!"

बारा वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न मला पहिल्यांदाच आला होता! मी म्हटलं, "मम्मा, लांब आहे, ऊन फार असतं, तुला त्रास होईल."

"माझी टोपी मोठी आहे. तुझ्या बायकोचं नाव काय?"

आणि इथे मी माती खाल्ली. जगात हजारो नावं आहेत. फातू म्हणायचं, कुंबा म्हणायचं! पण दोन वर्षं ज्या तोंडात एकच नाव घोळत होतं त्या तोंडातून दुसरं निघणार कसं?

"रोहे," मी म्हणालो. तिने ते वहीत लिहून घेतलं.

मंगळवारी मी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. ती तिथे हजर! "रोहे पोटभर जेवते ना? बाळाला काय आणू?" बुधवारी मी उलट्या घातलेल्या होडीआड, वाळत टाकलेल्या मासळीमागे बसलो. वरून घमेल्याची सावली पडली. "अलियू, सकाळच्या न्याहारीला मी सगळ्या हॉटेलला सांगितलंय. उद्या नऊ वाजता फाटकाशी ये. नाही आलास तर पहारेकऱ्याला तुझं घर विचारून मी एकटी येईन." आणि तिने पिशवीतून एक गुलाबी झबलं काढून दाखवलं. स्वतः विणलेलं, गळ्याला पांढरी फुलं. पळून जायचं माझं पक्कं ठरलं होतं, त्या झबल्याने ते मोडलं.

पण जोबाचं डोकं आहे ते! आमच्याकडे बारसं आठव्या दिवशी, आणि त्याला आमंत्रण लागत नाही. रस्त्यात कापडी मांडव आणि प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या की आत शिरायचं. मुलाकडचे समजतात पाहुणे मुलीकडचे, मुलीकडचे समजतात मुलाकडचे. "तू कोण?" असं पाहुण्याला विचारणं म्हणजे घराची अब्रू घालवणं! तेव्हा बेत असा: गुरुवारी बकाऊमध्ये एखादा मांडव गाठायचा, गुनिल्लाला कोपऱ्यात बसवायचं, पेज पाजायची, लांबून बाळ दाखवायचं आणि पाव तासात परत. बाप बाळाजवळ का जात नाही म्हणून विचारलं, तर आमच्याकडे बायकांच्या घोळक्यात पुरुष शिरत नाहीत, असं सांगायचं.

मांडव लगेच मिळाला. निळा, ऐसपैस, दारात बोकड बांधलेला. मी छाती काढून आत शिरलो. "सलाम आलेकुम!" सगळ्यांनी "वालेकुम सलाम" केलं, दोन खुर्च्या सरकवल्या, वाडगे हातात दिले. मी गुनिल्लाकडे असं बघितलं जणू सगळा मांडव मीच ठोकलाय.

तेवढ्यात आतून एक बाई ओरडली, "रोहे! अगं रोहे, आणखी वाडगे आण!"

माझा घास तोंडातच राहिला. आणि आतून वाडग्यांची चळत घेऊन आली कोण? माझी रोहे! बाळाची आई तिची मावसबहीण होती. गुरुवारी मावशीकडे बारसं आहे हे तिने मला तीनदा सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल. ती बोलत असताना मी तिच्याकडे बघत बसायचो, ऐकायचं राहून जायचं.

मी गुनिल्लाचा हात धरून उठवणार, तोवर ती सत्तर वर्षांची बाई खुर्चीतून उडाली! थेट रोहेच्या गळ्यात!

"रोहे! अभिनंदन! अगं, आठ दिवसांची बाळंतीण तू, आणि वाडगे कसले उचलतेस? ठेव ते खाली! अलियूने मला सगळं सांगितलंय. कुठे आहे आमची गुनिल्ला?"

वाडगे खाली पडले. मांडव गप्प झाला. म्हणजे सगळे गप्प झाले, एक सोडून. बारसं म्हटलं की स्तुती गाणारी गवईण आलीच, आणि तिला नवं नाव हवंच असतं. तिने लगेच ताशावर काठी मारली आणि सूर लावला, "अलियू जोबची लेक गं, न्जायची नात गं, समुद्रापलीकडचं नाव गं!"

आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, म्हाताऱ्यांच्या चटईवरून, बाबुकर न्जाय सावकाश उठले.

मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले! नोकर म्हणा, चोर म्हणा, काहीही म्हणा! पण ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि एकदम आदराने म्हणाले, "अलियूसाहेब, ही पाहुणी काय म्हणते आहे?"

साहेब! न्जायने जोबाला साहेब म्हणणं म्हणजे दाराला कुलूप! रोहे गुनिल्लाच्या मिठीतून माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. दोन वर्षांत ओळखलेला माणूस हाच का, असं बघत होती. ते बघून मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सुटकेची वाट होती. मलाच सुचली होती, माझंच डोकं! म्हणायचं, "बाबा, म्हातारीला ऊन लागलंय, तिचं काय मनावर घेता?" सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. तूबाबला ऊन लागतंच. मी तोंड उघडलं. "बाबा, ही पाहुणी..." आणि माझी नजर गुनिल्लाकडे गेली. तिने ते गुलाबी झबलं छातीशी धरलं होतं. या बाईला सगळ्या मांडवासमोर वेडी ठरवू? नाही जमलं. देवाशप्पथ नाही जमलं.

"ही खरं बोलते आहे, बाबा," मी म्हणालो. "खोटं मी बोललोय. मला मूलबाळ काही नाही. रोहेचा यात काडीचा संबंध नाही, तिचं नाव माझ्या तोंडातून निघून गेलं. किनाऱ्यावर मी सगळ्यांनाच सांगतो, मुलगी झाली म्हणून. आजवर चौदा झाल्या. हे बारसं कुणाचं आहे हेही मला ठाऊक नव्हतं. मम्मा, मला माफ कर."

गवईणीने काठी खाली ठेवली. गुनिल्ला माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"सोळा वर्षं येते मी इथे. अकरा मुलींची नावं गुनिल्ला ठेवलीत तुम्ही लोकांनी! दर वर्षी झबलं विणून आणते आणि दर वर्षी तसंच परत नेते. एकही बाळ बघायला मिळालं नाही. या वर्षी ठरवूनच निघाले, जो पहिला सांगेल त्याला सोडायचं नाही. इथे रोहेच्या नावाची हाक ऐकली तेव्हा मात्र वाटलं, या वेळी खरंच असेल!" मग ती न्जायबाबांकडे वळली. "बाकीचे दहा जण दुसऱ्या दिवसापासून दिसले नाहीत. हा एकटा मला खऱ्या बारशाला घेऊन आला."

न्जायबाबांनी माझ्याकडे बघितलं, मग गुनिल्लाकडे. दाढी कुरवाळत राहिले. माझा शुक्रवार त्या दाढीत अडकला होता.

मग ते मांडवाकडे वळून गरजले, "बघा रे बघा, हा जोब! यांच्याकडे स्वतःचं काही असतं का? भात उसना, अक्कल उसनी, आता मूलसुद्धा उसनं! अरे नोकरा, बारशाला आलास तर ते वाडगे कोण उचलणार, तुझा आजा?"

मांडव फुटला! माणसं मांड्या थोपटून हसत होती. मी जमिनीवर बसून वाडगे गोळा करत होतो आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आयुष्यात इतकी गोड शिवी मी खाल्ली नव्हती.

बाळ मुलगा निघालं. त्याचं नाव आजोबांवरून ठेवायचं आधीच ठरलं होतं. पण झबलं घातलं, गुलाबी तर गुलाबी! गुनिल्लाने त्याला अर्धा तास खाली ठेवलं नाही.

निघताना न्जायबाबांनी रोहेला बोलावलं. "बोल पोरी. उद्या याचे काका कोला घेऊन येतील. घेऊ की परत पाठवू? एवढा मोठा थापाड्या आहे हा."

मी वाडगे घेऊन उभा.

"घ्या," रोहे म्हणाली. "थापाड्या आहे, पण अगदी कच्चा. खोटं बोलायच्या आधी याचा हात डाव्या कानाकडे जातो. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. असा नवरा परत मिळायचा नाही."

"अगदी बरोबर!" गुनिल्ला ओरडली. "सोमवारी मीही त्यावरूनच ओळखलं!"

म्हणजे किनाऱ्यावरचा सगळ्यात पटाईत माणूस म्हणून मी बारा वर्षं मिरवत होतो, आणि ऐकणारे सगळे माझ्या कानाकडे बघत होते!

लग्नाला आता सहा वर्षं झाली. मी पाहुण्यांना पक्षी दाखवतो, खरे पक्षी. परवा जेवताना मी रोहेला सहज म्हटलं, "ती कानाची सवय मी कधीच सोडली बरं का!"

ती भात वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "हो का? मग हात खाली घे आधी."