चाळीस पैसे स्वस्त

सकाळचा उजेड मधुसूदनरावांच्या घरी कधी घाईने येत नसे. आधी तो समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर रेंगाळे, मग शेजारच्या गच्चीवरून उतरून कुंपणाच्या भिंतीवर टेके आणि तिथल्या जुन्या चुन्याला क्षणभर नव्याचा मान देऊन अंगणात येई. दोरीवरचा टॉवेल, उपडी घातलेली बादली, मधुसूदनरावांच्या पत्नी शीलाबाईंनी वाळत टाकलेल्या मिरच्या, सगळ्यांना हलकेच हात लावत तो शेवटी क्षितिजच्या मोटारसायकलपाशी थांबे. तिच्या आरशात चमके, टाकीवर सांडे आणि काचेखाली तांबड्या रेघेवर आडवा पडलेला पेट्रोलचा काटा उजळून टाके. ओट्यावर चहाचा कप घेऊन क्षितिज हा सारा प्रवास रोज पाहत असे. या घरात भाव न वाढलेली, उजेड ही एकच गोष्ट उरली होती.

“क्षितिज, तुह्या ऑफिसचं अंतर किती?” मागून वडिलांचा आवाज आला.

“दोन किलोमीटर.”

“म्हणजे जाऊन-येऊन चार. मग हा काटा रोज सकाळी झोपलेला काहून राह्यते? पेट्रोल गाडी पिते का तू पितं?”

मधुसूदनराव पुसदच्या तहसीलमधून निवृत्त झाले होते. चौकशीची सवय मात्र निवृत्त झाली नव्हती. पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून तर तिला धारच चढली होती.

“असंच चाललं तं गाडी विकून टाकू,” ते म्हणाले. “दोन किलोमीटर पायी जाता येते. माणूस त्यानं मरत नाही.”

क्षितिजने अर्धा कप तसाच ओट्यावर ठेवला. गाडी गेली तर फुलसावंगीची वाट गेली, आणि त्या वाटेवरची दोन मिनिटंही गेली.

क्षितिज जमीन मोजणीच्या कार्यालयात नकाशे उतरवायचं काम करी. अडीच महिन्यांपूर्वी फुलसावंगीकडची एक मोजणी आटोपून परतताना त्याचं पेट्रोल संपलं. गाडी ढकलत, घामाघूम होऊन तो एका पंपावर पोहोचला. निळ्या गणवेशातल्या मुलीने नळी हातात घेतली आणि म्हणाली, “झिरो पाहून घ्या.” इतक्या आपुलकीने त्याला कुणी काही पाहायला सांगितलं नव्हतं. त्याने पाहिलं, फक्त झिरोकडे नाही. तिच्या खिशावरच्या पट्टीवर ‘दीपा’ एवढंच लिहिलं होतं.

तेव्हापासून एक दिवसाआड, ऑफिस सुटलं की तो तीस किलोमीटर जाई, शंभर रुपयांचं पेट्रोल भरी आणि येण्याजाण्यात ते सगळं जाळून टाकी. टाकी पूर्ण भरण्याचं धाडस त्याने कधी केलं नाही. भरली टाकी घेऊन परवा कोणत्या तोंडाने जायचं? शेताच्या बांधात चार बोटांची चूक झाली तर रात्रभर तळमळणारा हा मुलगा तीस किलोमीटरना ‘जवळच’ म्हणू लागला होता. या सगळ्याला त्याने मनात काहीही नाव दिलं नव्हतं. तिथलं पेट्रोल चांगलं असतं, असं तो स्वतःला सांगे.

आणि आता तेच त्याच्या तोंडून निसटलं. जरा वाढूनच.

“मी फुलसावंगीकडच्या पंपावर भरतो, बाबा. तिथं लिटरमागे चाळीस पैसे कमी आहेत.”

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मधुसूदनरावांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला असता. पण क्षितिज आठवड्याला चार वाक्यं बोलणारा. त्याचं वाक्य त्या घरात राजपत्रासारखं मानलं जाई.

“चाळीस पैसे!” मधुसूदनरावांचे डोळे चमकले. “अन् हा फायदा एकटाच खाऊन राह्यला तू?”

गाडी वाचली, पण बातमी सुटली. दुपारपर्यंत ती गल्लीच्या टोकाला पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी लोडिंग ऑटोतून भाजी विकणारा बाबूसिंग फुलसावंगीला जाऊन आला.

“कसं काय, बाबूसिंग?” मधुसूदनरावांनी विचारलं.

बाबूसिंगने क्षणभर वांग्यांकडे पाहिलं. “लय भारी माल हाय, साहेब. इंजिन कसं गाणं म्हणून राह्यलं!”

भावाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. त्याच्यामागून दूधवाला गेला, पिठाच्या गिरणीवाला गेला, दोन शिक्षक एका स्कूटरवर गेले. परतलेला प्रत्येक जण आपल्या इंजिनाच्या गाण्याचं कौतुक करी आणि घाईने दुसरा विषय काढी.

आठवड्याभरात मेथीची जुडी पाच रुपयांनी चढली.

“काय हो बाबूसिंग, हे काय?” शीलाबाई कडाडल्या.

“काय करू भाभी, पेट्रोल आणाले लांब जा लागते.”

“पण पेट्रोल स्वस्त आणता ना?”

“स्वस्त हाय म्हणून तं लांब जा लागते!”

शीलाबाईंनी जुडी पिशवीत टाकली आणि पाच रुपये जास्तीचे मोजले. मग दूध वाढलं, कारण दूधवाल्याला फेरी पडत होती. दळण वाढलं, कारण गिरणीवाला दूध विकत घेत होता. डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या रामीबाईनेसुद्धा पेट्रोलचंच नाव सांगून कोथिंबिरीची जुडी बारीक केली. शीलाबाईंनी संध्याकाळचा चहा बंद केला, वरणात पाणी वाढवलं आणि एका रात्री ताट आपटत विचारलं, “गल्लीभर एवढी बचत सुरू आहे, तर ती जाते कुठं?”

मधुसूदनरावांनी वरणात बोट बुडवून पाहिलं. बोट स्पष्ट दिसत होतं.

“रविवारी मी येतो तुह्यासंगं,” ते क्षितिजला म्हणाले. “प्रत्यक्ष पाहणी करू.”

रविवारचा तो रस्ता क्षितिजला कधी नव्हे इतका छोटा वाटला. कापसाने फुगलेल्या गाड्या मागे पडत होत्या, वडिलांचा हात खांद्यावर होता, आणि पंपावर पोहोचताच आपलं जे काही आहे ते संपणार, एवढंच त्याला कळत होतं. पंपावर भावाचा फलक चांगला पुरुषभर उंचीचा होता. अडीच महिन्यांत त्याने तिथलं सगळं वाचलं होतं: हवा मोफत, धूम्रपान करू नये, दीपा. तो फलक मात्र एकदाही वाचला नव्हता.

“आले का?” दीपा हसली. “आजबी शंभराचंच? टाकीले भोक हाय का हो तुमच्या?” मग तिने मागे पाहिलं. “अवो काका, तुमी? गुरुवारी भाव पाहून तं केवढे चिडले होते, अन् पुन्हा आले?”

क्षितिज गर्रकन वळला. “गुरुवारी?”

मधुसूदनरावांनी रुमालाने चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

“बाबूसिंगच्या ऑटोत आलतो,” ते म्हणाले. “पुसदपेक्षा पंचेचाळीस पैसे जास्त आहे इथं.”

“मग घरी बोलले का नाही?”

“काय बोलू? चाळीस पैशासाठी मेथीच्या पोत्यावर बसून तीस किलोमीटर गेलो, हे तुह्या आईले सांगू? बाबूसिंग तरी बोलला का? मास्तर बोलले का? सगळे इंजिनचं गाणं ऐकून राह्यले.” त्यांनी चष्मा चढवला आणि मुलाकडे नीट पाहिलं. “मी चाळीस पैशाच्या लोभानं एकदा आलो. तू तं वारंवार येऊन राह्यला. तू कायले येतो?”

दीपाने नळी टाकीत घातली. “झिरो पाहून घ्या,” ती म्हणाली. या वेळी मात्र तिचंही लक्ष झिरोकडे नव्हतं.

क्षितिजने मान वर करून पहिल्यांदाच तो फलक वाचला. मग आठवड्याची चारही वाक्यं शिल्लक असल्यासारखा घसा साफ केला.

“फुल करा,” तो दीपाला म्हणाला. आणि मग वडिलांकडे वळून, “बाबा, मी पेट्रोलसाठी येतच नव्हतो.”