न बिघडणारी बोट

नव्या बोटीत काही म्हणजे काही बिघडत नव्हतं, आणि त्यामुळे मास्तर अगदी रडकुंडीला आले होते.

तुम्ही म्हणाल, सुख दुखतंय. दुखत होतंच मुळी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर आणि मास्तरीणबाई अर्धं वर्ष एका चिमुकल्या बोटीवर काढत आणि किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडत. त्या बोटीत उभं राहिलं की डोकं छताला आपटे, आडवं झालं की पाय शेगडीला लागत. मीठ असलं तर काडेपेटी नसे. पंप तर जन्माचा गळका. पण बाजूला घड्याळजींची बोट, तिला खेटून शिंप्याची, पलीकडे कंपाउंडरची. जमिनीवर उतरायचं म्हणजे शिंप्याच्या बोटीवरून, त्याने वाळत घातलेल्या पायजम्याखालून वाकून जावं लागे. पंप गळला की तिघंही पाने घेऊन हजर! दुरुस्ती अर्ध्या तासाची, गप्पा दिवेलागणीपर्यंत. काय दिवस होते हो ते! एका कपात दोघांनी चहा प्यायचा, कारण तिसरा कप घड्याळजींनी नटबोल्ट ठेवायला घेतलेला असे.

मग मास्तरांचे गुडघे कुरकुरायला लागले, जुनी बोट एका नव्या जोडप्याला विकली आणि मोठी बोट आली. दोन खोल्या, फ्रिज, गरम पाण्याचा शॉवर, पांढऱ्याशुभ्र गाद्या. बोटीचा तळ खोल, म्हणून ती बांधायची बाहेरच्या धक्क्याला, जुन्या मंडळींपासून चांगली दहा मिनिटं चालत.

पहिल्या दिवशी तिघं बघायला आले ते दारातच चपला काढून. जुन्या बोटीवर चिखलाच्या बुटांनी थेट बिछान्यावर बसणारा शिंपी गादीच्या कडेला मुंज्यासारखा अंग चोरून बसला आणि म्हणाला, "छान आहे हो बोट तुमची." मास्तरांच्या काळजात चर्र झालं. शिंपी त्यांना आजवर 'अरे मास्तऱ्या' सोडून दुसरं काही म्हणाला नव्हता. चहा पिऊन, कप विसळून, मंडळी गेली ती गेलीच.

संपर्क होता म्हणा. फोनवर सगळ्यांचा ग्रुप होता. मास्तर रोज सूर्योदयाचा फोटो टाकत. उत्तरादाखल तीन अंगठे येत. संध्याकाळी सूर्यास्ताचा फोटो, पुन्हा तेच तीन अंगठे.

"माणसं गेली आणि अंगठे राहिले गं," मास्तर म्हणाले.

"अहो, मग तुम्हीच जाऊन या ना तिकडे."

"गेलो होतो. सगळे आपल्या जुन्या बोटीवर होते. त्या नव्या जोडप्याचा पंप गळतोय म्हणे."

आपला पंप दुसऱ्याच्या घरी गळतोय आणि आपली माणसं तो दुरुस्त करतायत, हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं. मास्तरांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी बाई शॉवरमध्ये असताना ते इंजिनाच्या कप्प्यात वाकले आणि डिझेलचा व्हॉल्व्ह गपकन बंद केला. इंजिनातलं मास्तरांना एवढंच येत होतं. मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'इंजिन बंद. काही सुचत नाही.'

या वेळी अंगठा आला नाही. माणसं आली, आणि तीही धावत! घड्याळजी हत्यारांची पेटी घेऊन, शिंपी कंदील घेऊन, कंपाउंडर कापूस आणि स्पिरिट घेऊन.

"बाजूला हो," असं म्हणत घड्याळजींनी बटण दाबलं. इंजिनाने हूं की चूं केलं नाही.

"नाडी लागत नाही," कंपाउंडर गंभीरपणे म्हणाला.

घड्याळजींनी कप्प्यात डोकं घातलं, इकडे तिकडे बघितलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हं. सगळंच खोलावं लागेल."

मास्तर खरं काय ते सांगायला तोंड उघडणार होते. पण मित्रांना आल्या पावली परत कसं पाठवायचं? एक एक भाग बाहेर यायला लागला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते सगळं पांढऱ्या गादीवर मांडलं गेलं. एक नळी निसटली आणि दुसरी गादीही डिझेलने न्हाली. शिंप्याने सरळ तिचा अभ्रा ओढून काढला आणि हात पुसायला घेतला. "असला रंग घेतात का रे गाढवा बोटीत? काळपट कापड आणतो आणि शिवून देतो." कंपाउंडर हात धुवायला गेला आणि भलताच नळ फिरवून शॉवरखाली चिंब झाला. आता तो मास्तरांच्या सदऱ्यात बसून उकडलेली अंडी सोलत होता. बाईंनी चहाचं तिसरं आधण ठेवलं. कप पुरेनात, कारण दोन कपांत नटबोल्ट होते.

मास्तरांना इतका आनंद झाला होता की डोळे भरून येत होते. पण दुपार कलली तशी त्यांना मित्रांची दया आली. सगळं पुन्हा जोडून झालं, तेव्हा त्यांनी हळूच हात घालून व्हॉल्व्ह उघडला आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "दाबा आता बटण."

बटण दाबलं, पण इंजिन गपगार.

मास्तरांना दरदरून घाम फुटला. ते तडक स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेले. "अगं, घात झाला! मी नुसता व्हॉल्व्ह बंद केला होता, ही मंडळी यावीत म्हणून. उघडला तरी चालू होत नाही. खरंच बिघडलं की गं!"

बाई कपाळाला हात लावून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पदराची गाठ सोडली. आत एक फ्यूज होता.

"पहाटेच काढला होता हो. तुमचं तोंड बघवेना मला. म्हटलं, बंद पडलं की बोलावतील कुणाला तरी."

"अगं, मग मला सांगायचं तरी!"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही म्हणून नाही सांगितलं!"

दोघंही तोंड दाबून हसायला लागली. तेवढ्यात मागून घड्याळजींचा आवाज आला, "वहिनी, तो फ्यूज द्या आता इकडे. मिळाला असेल तर."

बाईंचा चेहरा पडला. "तुम्हाला माहीत होतं?"

"आल्या आल्या पहिलं तेच बघितलं. जागा रिकामी होती."

"अरे, मग दिवसभर इंजिन कशाला खोललंस?" मास्तर ओरडले.

घड्याळजी हात पुसत म्हणाले, "लगेच सापडला असता तर लगेच जावं लागलं असतं. आम्हाला वाटायचं, तुला आता आमची काय गरज पडणार?"

त्यांनी फ्यूज बसवला, बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, आणि असं झकास की टेबलावरचा चहासुद्धा हलला नाही. शिंप्याने कंदील उचलला, कंपाउंडर आपला ओला सदरा शोधायला लागला. मास्तर खाली मान घालून उभे राहिले.

घड्याळजी कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"आवाज बरोबर वाटत नाही मला."

"छे, अजिबात नाही," कंपाउंडर लगेच म्हणाला. "घरघर आहे."

"पुन्हा खोलावं लागेल," म्हणत शिंपी बुटांसकट गादीवर बसला. "पण आज नको. उद्या सकाळीच येतो."

"किती दिवस लागतील रे?" मास्तरांनी विचारलं.

"जुनं दुखणं आहे," घड्याळजी म्हणाले. "पुरतं बरं होईल असं काही वाटत नाही."