नळाला हात लावू नये

गोरेगाव पूर्वेच्या आपल्या दुसऱ्या फ्लॅटच्या सुरक्षिततेची शरच्चंद्र गुप्त्यांना जेवढी काळजी होती, तेवढी त्यांनी स्वतःच्या रक्तदाबाचीही कधी केली नव्हती. घर भाड्याने देताना मालकाची काही कर्तव्यं असतात, असं ते सोसायटीच्या सभेत नेहमी बजावून सांगत. ती त्यांनी झाडून सगळी पार पाडली होती. भाडेकरूची पोलीस ठाण्यात नोंद केली, त्याच्या ऑफिसातून चारित्र्याची खात्री करून घेतली, दारावर कॅमेरा बसवला. भाडेकरूपासून फ्लॅटला कसलाही धोका उरला नाही, तेव्हा कुठे त्यांना शांत झोप लागली.

म्हणूनच भाडेकरूच्या बायकोचा, जान्हवीचा, फोन आला तेव्हा ते मनापासून दुखावले.

"काका, बाथरूमच्या नळाला शॉक येतोय. इलेक्ट्रिशियन म्हणाला, गिझरला अर्थिंगच नाहीये."

"पण तू नळाला हात कशाला लावलास?"

"आंघोळ करायची ना, काका!"

"आधीच्या भाडेकरूंनी एकदाही तक्रार केली नाही गं. फार सज्जन माणसं."

जान्हवीचा ओजस दीड वर्षाचा होता. दिसेल ते धरून उभं राहायचं, हा त्याचा सध्याचा उद्योग. आणि बाथरूममध्ये त्याच्या हाताला येईल अशी एकच वस्तू होती. तसं तिने स्पष्ट सांगितलंही. शरच्चंद्रांनी प्रकरण गांभीर्याने घेतलं. दुसऱ्याच दिवशी ते रबरी चपला घेऊन हजर झाले.

"काका, त्यापेक्षा अर्थिंग करून घ्या ना," जान्हवीचा नवरा देवेश म्हणाला.

"भिंत फोडावी लागेल रे. टाइल्स इटालियन आहेत."

"आणि ओजसचं काय?"

"त्याच्या मापाच्याही आणतो."

देवेशने गिझर बंदच करून टाकला. घरात गॅसवर पाणी तापू लागलं. हे कळताच शरच्चंद्रांनी करार काढला. सर्व उपकरणं चालू स्थितीत परत करायची, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, आणि वापरात नसलेला गिझर चालू स्थितीत कसा राहणार? गिझर पुन्हा सुरू झाला.

देवेश सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर यांच्याकडे गेला. कमिटीने दोन बैठका घेऊन निर्णय दिला. शॉक फ्लॅटच्या आत येत असल्यामुळे तो मालकाचा खाजगी प्रश्न आहे. भिंत मात्र सोसायटीची असल्यामुळे ती फोडता येणार नाही. शरच्चंद्रांचं समाधान झालं. कायद्याने वागणारा माणूस असं त्यांचं नाव होतं, तेव्हा त्यांनी करारात एक कलम वाढवलं: अज्ञान व्यक्तीने नळास स्पर्श करू नये, केल्यास नळाच्या नुकसानीस पालक जबाबदार राहतील.

ओजस अज्ञान होता आणि निरक्षरही. एका सकाळी त्याने नळ धरला. तो इतका जोरात फेकला गेला की नळावरचा हात आपोआप सुटला, म्हणून वाचला. जान्हवीने त्याला उराशी धरलं, तेवढ्यात देवेशने फोन लावला.

"काका, ओजसला शॉक बसला!"

पलीकडे शरच्चंद्रांचा आवाज खरोखरच कापरा झाला होता.

"अरे बाप रे! नळ शाबूत आहे ना?"

आठवडाभरात फ्लॅट रिकामा झाला. शरच्चंद्रांनी नवी जाहिरात दिली: हवेशीर, सुरक्षित, सभ्य कुटुंबासाठी. माणूस प्रामाणिक, म्हणून शेवटी एक ओळ आवर्जून घातली: बाथरूमच्या नळाला हात लावू नये.

संध्याकाळपर्यंत फोनला उसंत नव्हती. पार्किंग आहे का? मेट्रो किती लांब? पाणी किती वेळ येतं? शेवटच्या ओळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तुमचाही फोन आला होता. बाल्कनीतून आरेची झाडं दिसतात का, एवढंच तुम्ही विचारलंत. दिसतात, असं ते म्हणाले, आणि तुम्ही लगेच टोकनचे पैसे पाठवून दिलेत.